स्मूथ आहे, पण जिवंत आहे का?

यूट्यूबवर कुठलंही जुनं कार्टून शोधा, त्याची एक '६० एफपीएस' आवृत्ती हमखास सापडते. कुणीतरी सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं की दोन चित्रांच्या मधली, मुळात कधी काढलीच नव्हती अशी चित्रं तूच बनव. हालचाल लोण्यासारखी होते. पण मला दर वेळी वाटतं की पात्र पाण्याखाली गेलंय. हात फिरतो, ठोसा मात्र बसत नाही. उडी मारतो, पण जमीन लागत नाही.

प्रवाहीपणा आणि जिवंतपणा या एकच गोष्टी आहेत असं आपण धरून चाललोय, आणि मला वाटतं तिथेच गडबड आहे.

आधी साधं गणित. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. हाताने चित्रं काढणारे अ‍ॅनिमेटर बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम तसंच ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. यात मेहनत वाचते हे खरं, पण तेवढंच नाही. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मधला जंगलातला प्रसंग आठवा. पीटर सराईत आहे, म्हणून त्याला सेकंदाला २४ चित्रं मिळतात. नवखा माइल्स १२ वर चालतो. एकाच चौकटीत एक जण वाहतोय आणि दुसरा अडखळतोय. कमी चित्रांचा माइल्स आपल्याला कमी जिवंत वाटतो का? उलट आपला जीव त्याच्यातच अडकतो, कारण त्याची धडपड दिसते.

मग जीव येतो कुठून? माझ्या मते तीन ठिकाणांहून: वजन, हालचालीआधीचा विचार, आणि थांबा.

वजनापासून सुरू करू. मी माजरीचा. इथे कोळशाच्या खाणी आहेत. भरलेला डंपर आणि रिकामा डंपर वळणावर वेगळे वागतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माणसांचंही तसंच. भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलेल्या बाईची मान हलत नाही. सगळा हिशेब कंबर आणि पावलं करतात, पावलं आखूड होतात. अ‍ॅनिमेटरने घमेलं कितीही सुंदर रंगवलं आणि चाल मात्र रिकाम्या हातांची ठेवली, तर ते घमेलं थर्मोकोलचं होतं.

वाघाचं पाहा. माजरी ज्या भद्रावती तालुक्यात आहे, तिथून ताडोबा लांब नाही. ताडोबातल्या वाघांचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. त्यात चालणाऱ्या वाघाचे खांदे बघा. पंजा जमिनीवर टेकला की त्या बाजूचं खांद्याचं हाड वर येतं, डोकं मात्र जवळपास एकाच रेषेत राहतं. आता डिस्नेचा 'द जंगल बुक' (१९६७) लावा. त्यातला शेरखान मुख्यतः मिल्ट काल या अ‍ॅनिमेटरने उभा केला. तेच खांदे, तोच भार. आणि त्यावर अभिनय. का या अजगराची चौकशी करताना हा शेरखान आवाज चढवत नाही, उगाच हातवारे करत नाही. एक नख बाहेर काढतो, बस. ज्याला घाई करायची गरज नाही तोच खरा धोकादायक, हे त्याच्या संथपणातून कळतं.

विचार आणि थांबा यांच्यासाठी मला झाडीपट्टीकडे जावं लागेल. आमचा पट्टा कोळशाचा. जिल्ह्याच्या पूर्वेला धानाचा पट्टा आहे, आणि तो पुढे गडचिरोलीत जातो. ही झाडीपट्टी. दिवाळीनंतर तिथे गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे या धंद्याचं केंद्र. शहरातले जाणकार या अभिनयाला 'भडक' म्हणून मोकळे होतात. पण मंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत, म्हणून नट अख्ख्या अंगाने बोलतो. थप्पड मारायची तर आधी मागे सरकतो, छाती भरून घेतो, क्षणभर थांबतो. त्या क्षणात हजार माणसांना कळतं की आता काहीतरी होणार. अ‍ॅनिमेशन शिकवताना ज्याला 'अँटिसिपेशन' म्हणतात, ते हेच. सहा इंचांच्या स्क्रीनवर दिसणारं कार्टून पात्रही शेवटच्या रांगेतूनच पाहिलं जातं, हे लक्षात ठेवायला हवं.

या मापाने आपलं काम तपासू. 'एक अनेक और एकता' (१९७४) दूरदर्शनवर एका अख्ख्या पिढीने पाहिलं. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. साधी रेषा, मोजकी हालचाल, कुणी तिला स्मूथ म्हणणार नाही. तरी जाळ्यासकट उडणारे पक्षी पटतात, कारण 'आपण सगळे मिळून' हा निर्णय आधी दिसतो आणि पंख त्यानंतर हलतात.

दुसरं उदाहरण 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' (१९९२). युगो साको यांच्या पुढाकाराने जपानी आणि भारतीय कलावंतांनी हा चित्रपट मिळून केला. भारतीय बाजूने दिग्दर्शनात राम मोहन होते. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते तयार झाले. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातल्या थिएटरांत आला, तेव्हा सगळी चर्चा 'अ‍ॅनिमे क्वालिटी'ची झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. धोतर नेसून माणूस कसा वावरतो, मोठ्यांचा आशीर्वाद घेताना पोर कसं वाकतं, हे भारतीय कलावंतांनी जपानी सहकाऱ्यांना समजावून दिलं होतं. नमस्काराला वाकणं ही नुसती कमरेतली घडी नसते. त्यात आदर असतो, सवय असते, कधी कंटाळाही असतो. सॉफ्टवेअर दोन चित्रांमधलं अंतर भरेल, पण यातलं नेमकं काय भरायचं ते त्याला कोण सांगणार?

त्या चित्रपटाची मर्यादाही इथेच आहे. राम इतका संयमी आहे की पुष्कळदा त्याच्या चेहऱ्यावर निर्णय घडताना दिसत नाही, झालेला दिसतो. चित्रपटाचा जीव मला हनुमानात सापडतो. तो आधी कुतूहलाने बघतो, मग झेपावतो. एकाच हातांनी, एकाच पैशात घडलेली ही दोन पात्रं. म्हणजे फरक बजेटचा नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. आज चंद्रपूर-गडचिरोलीतलं पोरगंही फोनवर फ्लिपाक्लिप उघडून किंवा जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर टाकून अ‍ॅनिमेशन करू शकतं. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच्यासमोर आदर्श ठेवला जातोय तो 'स्मूथ'चा. तयार चाली, तयार हावभाव, मधल्या जागा भरणारं बटण. परिणाम असा की आपली आजी अमेरिकन सेल्सगर्लसारखी खांदे उडवते आणि आपला शेतकरी व्हिडिओ गेममधल्या सैनिकासारखा चालतो. आपल्या अंगाच्या सवयी कुणी बघितल्याच नाहीत, तर त्या पडद्यावर येणार कुठून?

म्हणून पुढचं अ‍ॅनिमेशन बघताना एक करून पाहा. आवाज बंद करा. मध्येच कुठेही पॉज करा आणि विचारा: या माणसाला आत्ता काय हवंय? याचा भार कोणत्या पायावर आहे? दोन्ही उत्तरं मिळाली, तर सेकंदाला १२ चित्रंही भरपूर झाली. नाही मिळाली, तर ६० सुद्धा पुरणार नाहीत.