कॅमेरा कुणाच्या जहाजावर?

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात (२००७) जगभरातल्या नऊ चाचे-सरदारांची बैठक भरते. त्यातला एक 'श्री संभाजी आंग्रिया'. दाढी, पगडी आणि तोंड उघडलं की चिरका आवाज. प्रेक्षकांनी हसावं एवढंच त्याचं काम. खरे संभाजी आंग्रे म्हणजे कान्होजींचे पुत्र, मराठ्यांचे सरखेल. १७३५मध्ये त्यांच्या आरमारानं 'डर्बी' हे इंग्रजांचं मोठं व्यापारी जहाज धरलं होतं. आंग्रे जहाजांना दस्तक देत आणि दस्तक नसलेली जहाजं पकडत. पोर्तुगीजही याच समुद्रावर हेच करत, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. तरी चाचे ठरले आंग्रे, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात तसं लिहिलं होतं. हॉलिवूडनं ते दप्तर रिव्ह्यू न करताच मर्ज करून टाकलं.

पण जे खरोखर चाचे होते, त्यांना तरी सिनेमानं नीट दाखवलंय का? जॅक स्पॅरो एकटा, मनस्वी, कुणाचंही न ऐकणारा. त्या सिनेमात चाच्यांची 'संहिता' हा चालू विनोद आहे: नियम कसले, सूचना आहेत! प्रत्यक्षात हे नियमच त्या जहाजांवरची सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट होती. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या (मृत्यू १७२२) जहाजावरचा करार वाचा. प्रत्येकाला मत. लुटीत कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. हात किंवा पाय गमावला तर ८०० स्पॅनिश डॉलर भरपाई. रात्री आठला दिवे बंद, पैसे लावून जुगार नाही. (माझ्या ऑफर लेटरमध्ये यातलं निम्मंही नाही.) व्यापारी जहाजांवर कप्तानाचे फटके खाल्लेल्या, पगार बुडालेल्या माणसांनी लिहिलेला करार आहे तो. १७१८मध्ये चार्ल्स व्हेननं एका जहाजावर हल्ला करायला नकार दिला, तेव्हा खलाशांनी मतदान करून त्याला उतरवलं आणि रॅकहॅमला कप्तान केलं. 'ब्लॅक सेल्स' ही मालिका या मतदानांवर बऱ्यापैकी उभी आहे, म्हणून मला ती स्पॅरोपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

इथवर आलं की चाचे म्हणजे समुद्रावरचे समाजवादी, असं वाटायला लागतं. तेव्हा हेन्री एव्हरी आठवावा. सप्टेंबर १६९५मध्ये त्यानं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' लुटलं. जहाज हज यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतत होतं. त्या काळच्या नोंदींत प्रवाशांचा छळ आहे, बायकांवरचे बलात्कार आहेत, अब्रू वाचवायला समुद्रात टाकलेल्या उड्या आहेत. चिडलेल्या औरंगजेबानं सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही. आणि ही लूटसुद्धा ठरल्याप्रमाणे वाट्यांनीच वाटली गेली. आपल्या डेकवर लोकशाही, शेजारच्या डेकवर नरक. 'अनचार्टेड ४' (२०१६) हा गेम याच एव्हरीच्या खजिन्यामागे धावतो. ग्राफिक्स अफाट, कोडी झकास. पण आपण शोधतोय ते सोनं कुणाच्या अंगावरून उतरवलेलं, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडावा अशी त्याची रचनाच नाही. 'ट्रेझर आयलंड'पासून (१८८३) खजिना असाच बेवारस असतो: नकाशा आहे, फुली आहे, मालक नाही.

'कॅप्टन फिलिप्स'मध्ये (२०१३) कॅमेरा पहिल्यांदा लुटल्या जाणाऱ्या जहाजावर चढतो, आणि सगळा रोमान्स एका फटक्यात उतरतो. किडकिडीत सोमाली पोरं, हातात रायफली, डोळ्यांत भीती. २००९च्या खऱ्या घटनेत चार चाच्यांपैकी तिघांना अमेरिकी नौदलाच्या नेमबाजांनी गोळ्या घातल्या. सिनेमा थरारक आहे, बरखाद अब्दीनं कमाल केलीय. मोठ्या परदेशी जहाजांनी आमच्या समुद्रातले मासे नेले, असं त्याचं मूसे हे पात्र एकदा म्हणतं. खरं तर तिथून एक अख्खा सिनेमा सुरू होऊ शकला असता. पण तेवढ्यात नौदल येतं.