कॅमेऱ्याची हजेरी

शासन स्त्रीच्या प्रतिष्ठेची भाषा बोलू लागले की मी आधी नियमावली उघडतो. २०१६ साली महाराष्ट्राने डान्सबारसाठी केलेल्या कायद्याच्या नावातच तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण आहे. परवान्याची अट मात्र अशी : रोजचे सगळे नृत्य कॅमेऱ्यात टिपायचे, ते चित्रण ३० दिवस जपायचे आणि अधिकारी मागतील तेव्हा दाखवायचे. त्याआधी तर थेट चित्र पोलीस नियंत्रण कक्षात पोहोचवा, असे फर्मान होते. २ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कॅमेरा प्रवेशद्वारापाशी आणून थांबवला. महिना-दीड महिन्यात नवा कायदा करून शासनाने तो पुन्हा आत नेला.

कोणावर ही नजर? नाचणाऱ्यांत बेडिया, नट, कंजर अशा पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतील मुली मोठ्या संख्येने होत्या. समीना दलवाई यांनी २०१९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा प्रश्न जातीच्या अंगाने मांडला आहे. तो आपल्या चळवळीत वाचला जायला हवा. याच जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली गेला. आजी पोलिसांकडे जाऊन हजेरी देत असे. नातीची हजेरी घ्यायला कॅमेरा तिच्या कामावर आला, एवढाच फरक. आणि २००५ च्या बंदीतून तीन तारांकित व त्यावरील हॉटेले वगळली होती, हेही विसरू नये. तिथला नाच करमणूक, इथला अश्लील!

१७ जानेवारी २०१९ रोजी न्या. सिक्री व न्या. भूषण यांनी ही सक्ती रद्द केली. आधार घेतला तो खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा. निकाल मला मान्य आहे, पण त्याचा हा भाग फार थोडक्यात आटोपला आहे. खासगीपण गिऱ्हाइकाचे की मालकाचे? पोटासाठी नाचणारी आणि घरी कामाचे नाव लपविणारी बाई त्यात कुठे उभी आहे, हे उलगडून सांगायला हवे होते.

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील काही कामगार मित्र उलट म्हणतात : अपघात झाला तर कॅमेराच साक्ष देतो, बारमध्येही गिऱ्हाईक अंगाला हात लावायला बिचकले असते. हा आक्षेप हलका नाही. पण चित्रण राहते मालकाच्या कपाटात आणि मागण्याचा अधिकार असतो साहेबाला. जिच्यावर हात पडला, तिला ते मागता येईल अशी तरतूद त्या अटीत नव्हती.

जिथे दुबळ्याला खरोखर साक्षीदार हवा असतो, त्या पोलीस कोठडीचे काय? तिथे कॅमेरे बसवा आणि चित्रण निदान एक वर्ष जपा, असा आदेश २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. २०२५ मध्ये पोलीस ठाण्यांत चालू कॅमेरे नाहीत म्हणून त्याच न्यायालयाने स्वतःहून पुन्हा दखल घेतली.