शब्दावाचून उच्चार

ब्लाइंड विली जॉन्सनने ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे ध्वनिमुद्रित केलेल्या 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' या रचनेची गणना अनेकदा ब्लूजमध्ये होते. वस्तुतः तिचे शीर्षक एका जुन्या ख्रिस्ती स्तोत्रातले आहे. पण त्या स्तोत्राचा एकही शब्द येथे उच्चारला जात नाही. केवळ गुणगुणणे आणि गिटार.

गिटारच्या खुल्या जुळवणीस वादकाची सोय समजणारे विवेचन येथे अपुरे पडते. तारा सा-प-सा-ग-प-सा अशा लावल्या की त्या मोकळ्या छेडूनही षड्ज, गांधार व पंचम एकत्र उमटतात. ते बोटांनी जुळवावे लागत नाहीत. मग तारेवरून सरकवलेली काच वा धातू पडद्यांची मर्यादा मानीत नाही, आणि कोमल व शुद्ध गांधारांमधली गळ्याची जागा तारेलाही सापडते. भाषेतला हेल, वर्ण वगळून, तो हाच.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळींत अग्रणीने स्तोत्राची ओळ सांगावी व इतरांनी ती संथपणे आळवावी, अशी प्रथा होती. शब्द सर्वांना ठाऊकच असत. जॉन्सनच्या मुद्रणात मंडळी नाही. गळा थांबतो तेथे तिचे उत्तर तार देते.