एसओएचा पेपर वाचताना गेनवर भुलू नका

सेमीकंडक्टर ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एसओए, सुधारल्याचा पेपर हातात आला की तुम्ही आधी काय बघता? गेन. मीही तेच करायचो. पहिल्या वर्षी माझ्या चिपचा गेन 25 डीबीच्या पुढे गेला आणि मी खूश. सरांनी एवढंच विचारलं, "डेटा पाठवून बघितलास का?" पाठवला, तर आय डायग्रामचा डोळा जवळजवळ मिटलेला!

झालं असं की गेन मोजताना आपण अगदी मंद, स्थिर प्रकाश आत सोडतो. डेटा तसा नसतो. एसओएमधले कॅरिअर एकदा खर्च झाले की परत भरायला काहीशे पिकोसेकंद लागतात, आणि 10 गिगाबिटला एक बिटच 100 पिकोसेकंदांचा. म्हणजे गच्चीवरची टाकी भरायच्या आत पुढची बादली लावलेली. शून्यांच्या रांगेनंतर येणारा 'एक' धष्टपुष्ट, त्याच्या मागचे हडकुळे. यालाच पॅटर्न इफेक्ट म्हणतात. अर्बियम फायबरमध्ये हाच काळ सुमारे 10 मिलिसेकंद असतो, त्यामुळे त्याला फक्त सरासरी दिसते, बिट दिसतच नाहीत. तेव्हा चिप लांब करून किंवा करंट वाढवून गेन चढवला, तर उलट सॅच्युरेशन लवकर गाठलं जातं.

म्हणून मला अकियामा आणि सहकाऱ्यांचा 2005 चा क्वांटम डॉटवरचा पेपर आवडतो. त्याच्या शीर्षकातच गेन नाही. पेनल्टीशिवाय मिळणारी 23 डीबीएम पॉवर आहे. शिवाय 25 डीबीपेक्षा जास्त गेन, 5 डीबीखाली नॉइज फिगर आणि 20 डीबीएमवर सॅच्युरेशन पॉवर, तीनही 90 नॅनोमीटर पट्ट्यात एकत्र. डॉट रिकामे झाले तरी शेजारच्या वेटिंग लेयरमधून कॅरिअर झटकन येतात, ही त्यातली गंमत.

माझी तक्रार पोलरायझेशनची. चपटे डॉट एकाच दिशेच्या प्रकाशावर मेहरबान असतात आणि फायबरमधून येणारा प्रकाश कसाही फिरलेला असतो. या ठळक आकड्यांत त्याचा आकडा नाही.

आणखी एक तपासा: आकडे चिपचे की फायबर ते फायबर? दोन्ही टोकांना 3-3 डीबी गेले तर 25 चे 19 होतात, आणि आतल्या टोकाचे 3 सरळ नॉइज फिगरमध्ये: 5 चे 8. पुष्कळ पेपर फक्त चिपचेच देतात. माझ्या पहिल्या पोस्टरवरही तेच होतं.