पटुआचा शाप, चित्रकाराचा मान

जामिनी रॉय यांच्या चित्रांविषयी लिहिताना आपले समीक्षक ‘मातीशी नाते’ हा शब्दप्रयोग हमखास करतात. ही माती कोणाच्या हातची, हा प्रश्न मात्र ते विचारीत नाहीत.

रॉय (१८८७–१९७२) बांकुडा जिल्ह्यातील एका जमीनदार घराण्यात जन्मले. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ते पाश्चात्त्य पद्धतीचे तैलचित्रण शिकले. १९२० च्या दशकात त्यांनी ती वाट सोडली. काजळी, गेरू, पिवळी माती, हिंगूळ असे रंग चिंचोक्याच्या खळीत कालवून ते कापडावर, चटईवर, फळीवर चित्रे काढू लागले. ठसठशीत रेषा, सपाट रंग, लांबट डोळे ही चित्रभाषा त्यांनी पटुआंच्या पटांवरून उचलली. त्यांची संथाळ स्त्री याच भाषेत उभी आहे.

हे पटुआ कोण? गावोगाव पट उलगडून, गाणी म्हणून पोट भरणारी ही जमात. देवदेवतांची चित्रे काढायची आणि नमाजही पढायचा, असे त्यांच्यातील अनेकांचे जगणे; म्हणून दोन्हीकडून त्यांना हलके लेखले गेले. ब्रह्मवैवर्त पुराणाने या हलकेपणाचे कारणही देऊन ठेवले आहे. चित्रकाराने ठरल्या नियमाबाहेर चित्रे काढली, म्हणून ब्राह्मणांनी त्याला शाप दिला!

म्हणजे शास्त्राचा नियम मोडणारा पटुआ पतित ठरला आणि कलाशाळेचा नियम मोडून पटुआची रीत उचलणारा जमीनदारपुत्र आधुनिक ठरला. एकाच धाडसाची ही दोन फळे जातीने वाटून दिली आहेत.

पटुआ जुन्याला चिकटून बसले होते, असेही नाही. १९ व्या शतकात कालीघाटच्या देवळाभोवती बसणाऱ्या पटुआंनी गिरणीचा स्वस्त कागद घेतला, बाजारातले जलरंग घेतले आणि शहरी बाबूंची टर उडवली. आपल्या काळाशी त्यांनी थेट झुंज घेतली. तरी ते ‘लोककलाकार’च राहिले, त्यांच्या बहुतेक पटांवर नावही नाही.

रॉय यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी चित्रांच्या किमती कमी ठेवल्या, घरच्या कार्यशाळेत एकेका चित्राच्या अनेक प्रती काढल्या, ‘एकमेव कलाकृती’चा बाजारी देव्हारा नाकारला. दोष आहे तो खळीची चौकशी करून खळ शिजवणाऱ्याला विसरणाऱ्या समीक्षेचा. वर्गात रॉय शिकवणाऱ्या शिक्षकांनी पुराणातला तो शापही त्याच तासाला शिकवावा.