मराठी कथेतील सणवार : शोभा आणि सक्ती

गेल्या काही वर्षांतील दिवाळी अंक वाचताना एकच कथा इतक्या वेळा समोर आली, की तिचा लेखक कोण हे लक्षात ठेवण्याचे प्रयोजनच उरले नाही. शहरात स्थिरावलेला मुलगा शिमग्याला कोकणातल्या घरी येतो. पालखी खांद्याखांद्यावर नाचते, संकासूर अंगावर धावून येतो, एखाद्या वृद्धाच्या अंगात देव संचारतो, आणि त्या ढोलांच्या गजरात मुलाला आपण कोण आहोत याचा अकस्मात साक्षात्कार होतो. देशावरच्या कथेत पालखीच्या जागी पोळ्याचा बैल येतो, मराठवाड्यातल्या कथेत वेळ अमावास्येची आंबील. पण साक्षात्कार तोच. हे लेखन अप्रामाणिक आहे असे मी म्हणत नाही. मला क्लेश होतो तो अशासाठी, की ज्या रूढींनी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले, लढवले, प्रसंगी मारलेही, त्या रूढी या कथांत कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत.

गावातला सण हा मुळात एक व्यवहार असतो. मराठेशाहीतील महजर आणि निवाडापत्रे ज्याने चाळली आहेत त्याला हे वेगळे सांगावयास नको : पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जावा, होळीत पहिली पोळी कुणाची पडावी, यांवरून वतनदारांचे वाद गोतसभेपुढे आणि दिवाणात गेले, साक्षी-पुरावे झाले, कारण त्या एका दिवसाच्या मानपानात वर्षभराचा हक्क-लवाजिमा गुंतलेला होता. गुढीपाडवा हा आपल्याला नववर्षाचा मंगल दिन. पण मराठवाड्या-विदर्भातील सालगड्याच्या दृष्टीने तो मागल्या सालाचा हिशोब मिटण्याचा आणि पुढल्या सालासाठी मालकाशी बांधले जाण्याचा दिवस होय. ही सक्ती ज्या लेखकाला दिसली त्याच्या हाती लोकरूढी आली. ज्याला दिसली नाही त्याच्या हाती केवळ शोभा.

या कसोटीवर मराठी कादंबरीत मला सर्वांत उंच दिसते ती अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची ‘फकिरा’. तिच्या आरंभीचा जोगणीचा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेलच. जोगणी ज्या गावी, जत्रा त्या गावी, आणि जत्रा ज्या गावी, पंचक्रोशीतील इभ्रत त्या गावी. शिगावची जोगणी आपल्या वाटेगावात आणण्यासाठी फकिराचा बाप राणोजी जिवावर उदार होतो आणि त्यातच त्याचे प्राण जातात. येथे लेखक प्रथेचे वर्णन करावयास थांबत नाही. प्रथा स्वतःच कथानकाला गती देते. गावाची अब्रू राखण्याचा भार ज्याच्यावर पडतो तो मांगवाड्यातला माणूस आहे, ज्याला त्याच गावाच्या वेशीच्या आत बरोबरीचे स्थान नाही. आणि तरीही तो ही कामगिरी गुलामाच्या विवशतेने नव्हे, तर वीराच्या अभिमानाने पार पाडतो. विषमता आणि अभिमान यांचा हा पीळ एका जत्रेच्या नियमातून जसा उलगडतो, तसा तो समाजशास्त्राच्या प्रबंधातूनही उलगडणार नाही. राणोजीच्या मृत्यूने फकिराचे सारे आयुष्य निश्चित होते. जोगणीचा प्रसंग वगळा, कादंबरी उभी राहत नाही; याउलट मी वर सांगितलेल्या कथांतून शिमगा काढून तेथे वाढदिवस घातला तरी कथेचे काहीही बिघडत नाही.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) हीच सक्ती उलट बाजूने येते. मळ्यावर राबणाऱ्या नारबाचे सगेसोयरे म्हणजे तेथली जनावरे. मालक ट्रॅक्टर आणतो आणि बैलांबरोबर नारबाचे नातेही मळ्यातून उठते. आज कित्येक गावांत पोळ्याला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून मिरवतात. ज्याच्या खांद्याला आदल्या संध्याकाळी तूप-हळद चोळायची तो खांदाच गोठ्यात राहिला नाही, तर सण कुणाचा, हा प्रश्न यादवांनी अर्धशतकापूर्वी उभा केला आणि आमच्या कथाकारांनी तो उचललाच नाही. राजन गवसांच्या ‘चौंडकं’मध्येही (१९८५) रूढीची हीच सक्ती आहे. मुलीच्या केसांत जट निघते आणि देवी तिला मागते आहे, असा कौल समाज देतो. मार्गशीर्षातली रांडाव पुनव जिच्या बांगड्या फोडते आणि माघातली अहेव पुनव पुन्हा भरते, त्या जोगतिणीला ऋतुचक्र हे सौंदर्याचे नसून दंडकाचे आहे, हे गवसांनी कुठलाही कळवळ्याचा सूर न लावता दाखविले.

बाकीच्या प्रवाहांविषयी फार लिहावे असे वाटत नाही. मुंजा, खवीस आणि देवचार यांच्यावर पोसलेल्या भयकथा भीती विकतात, लोकश्रद्धा नव्हे. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ची छाया घेऊन लिहिणाऱ्यांनी त्यांचे गूढ घेतले, दाह घेतला नाही. नेमाड्यांच्या ‘हिंदू’नंतर परंपरांच्या याद्या रचणाऱ्यांची एक पिढी निघाली, नेमाड्यांच्या त्या यादीमागे एक अस्वस्थ मन आहे, अनुयायांच्या यादीमागे केवळ टिपणवही. प्रवीण बांदेकरांनी ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’मध्ये कळसूत्री बाहुल्यांचा खेळ वर्तमान राजकारणाला भिडविला, हा मात्र सन्माननीय अपवाद.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकविले जाते : लोकसंस्कृती लोपत चालली आहे, तेव्हा लेखकाने ती निदान नोंदवून ठेवावी. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. नोंदीचे काम दुर्गा भागवतांनी, सरोजिनी बाबरांनी, रा. चिं. ढेऱ्यांनी केले, गी पोइटेवा आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या तोलाचे काम कथाकाराकडून होणार नाही, आणि त्याच्याकडून ते कुणी मागितलेलेही नाही. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती संग्राहकाला विचारता न येणारे प्रश्न विचारण्याची. आचरे-चिंदरची गावपळण घ्या. तीन दिवस सारे गाव गुराढोरांसह शिवेबाहेर झोपड्या घालून राहते, एवढे वृत्तपत्रेही सांगतात. पण त्या झोपड्या कुणी कुणाच्या शेजारी घातल्या, वाड्यावाड्यांतले अंतर शिवेबाहेरही तेवढेच राहिले की तीन रात्रींपुरते मिटले, आणि मिटले असेल तर चौथ्या दिवशी गावात परतताना ते पुन्हा कुणी आखले, हे कादंबरीकाराने सांगावयाचे.

आणि रूढी लोपल्या हे तरी कुणी ठरविले? दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. त्यांची संक्रांत फडात येते, आणि त्या दिवशी काम थांबविले तर खाडा धरला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की घर, आणि घरी पाडवा गाठता आला तर गाठायचा, अशी ही नवी पंचांगे हजारो कुटुंबांना बांधून आहेत. त्यांत वाण आहे, नवस आहे, फडावर मांडलेला देव आहे, आणि त्या देवापुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे कर्जही आहे. आमचा कथाकार मात्र हा फड ओलांडून आजोळच्या माजघरात शिरतो आणि तेथली समई लावतो. संपादकांनी अशा कथा आणखी दहा वर्षे छापाव्यात की काय, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे उघडपणे ठेवतो. कारण जोवर त्या छापल्या जातील, तोवर फडावरच्या संक्रांतीची कथा लिहिणाऱ्याला आपले लेखन ‘लोकसंस्कृती’त बसत नाही, असेच वाटत राहणार.