न्यायासनापूर्वींच थांबलेलें आत्मचरित्र

सांगोल्याचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत एका मोठ्या प्रश्नाशीं जोडलेलें आहे. १७५० सालीं येथें छत्रपति रामराजांकडून राज्यकारभाराची सत्ता पेशव्यांकडे गेली. परंतु सत्ता कोणाची व कोठवर, याचा निवाडा करणारा तिऱ्हाईत त्या वेळीं कोणी नव्हता. असा निवाडा करणें हेंच ज्याचें नित्यकर्म, तो संघराज्याचा न्यायाधीश. १९३७ सालीं स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे एक. त्यांचें इंग्रजी आत्मचरित्र सांगोल्याच्या वाचकानें विशेष अपेक्षेनें उघडावें, हें साहजिकच होय.

ती अपेक्षा मात्र फळास येत नाहीं. पहिला खंड १९५८ सालीं निघाला. तो १९२२ पर्यंत येतो. दुसरा १९५९ चा. तो १९२५ पाशींच थांबतो. त्याच वर्षीं मार्चांत ग्रंथकर्ते निवर्तले. तथापि सारा दोष मृत्यूच्या माथीं मारतां येणार नाहीं. पहिल्या खंडांत एकूणपन्नास वर्षें मावतात आणि दुसऱ्यास अवघीं तीन पुरतात! कौन्सिलांतील स्वराज्य पक्षाचे पुढारी आपणांस सविस्तर भेटतात. न्यायाधीश भेटतच नाहींत.

ही उणीव लहान नव्हे. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडानें पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. हा उत्पादनावरील कर, म्हणून तो आमच्या अधिकारांतला, असें मध्यवर्ती सरकारचें म्हणणें. मुख्य न्यायाधीश ग्वायर, सुलेमान व जयकर या तिघांनीं आपापलीं मतें निरनिराळीं लिहिलीं, पण निर्णय एकच दिला: प्रांताला हा कर बसवितां येतो. प्रांतांच्या तिजोरीचा प्रश्न यांत गुंतलेला होता. एका पक्षाची बाजू हिरीरीनें मांडणारा पुरुष दोन्ही पक्षांकडे समान अंतरावरून कसा पाहूं लागला? पुढें १९३९ सालीं प्रिव्हि कौन्सिलांत जातांना त्यानें कोणता अनुभव बरोबर नेला? आत्मचरित्राकडून वाचक मागतो तें हें, आणि येथें तो विन्मुख परततो.

आमच्या मतें या चरित्राचा पुढील खंड फेडरल कोर्टाच्या निवाडापत्रांत पडून आहे. १९५० सालीं त्या कोर्टाची जागा सर्वोच्च न्यायालयानें घेतली. जयकरांचीं मतें मात्र कायद्याच्या ग्रंथांतच राहिलीं. कोणीं जाणत्या वकिलानें तीं सुबोध मराठींत आणल्यास मूळ लेखकाच्या हातून राहिलेलें काम कांहीं अंशीं तरी पुरें होईल.